नौकेवरील ट्रॉलिंग आणि डाउनरिगर : साधनाची निवड व वापर
(उत्तर अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या विशेष संदर्भात)

सारांश

चालत्या नौकेमागे आमिष ओढत नेऊन मासा गळाला लावण्याच्या पद्धतीस ट्रॉलिंग असे म्हणतात. खोल व थंड पाण्यात राहणाऱ्या माशांपर्यंत आमिष ठरावीक खोलीवर पोहोचविण्यासाठी या पद्धतीत डाउनरिगर हे साधन वापरले जाते. प्रस्तुत लेखात मिशिगन सरोवरातील सॅमन मासेमारीच्या संदर्भात या साधनाची रचना, निवडीचे निकष, वापराची पद्धत आणि सुरक्षिततेचे प्रश्न यांचा विचार केला आहे. साधनाच्या काउंटरवर दिसणारा आकडा हा सोडलेल्या तारेची लांबी दाखवितो. तो आमिषाची खोली दाखवीत नाही. डाउनरिगरची निवड आणि वापर या दोहोंचे मर्म हा फरक ओळखण्यात आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ट्रॉलिंग, डाउनरिगर, थर्मोक्लाइन, जलरोध, मिशिगन सरोवर, सॅमन.

१. प्रस्तावना

मासेमारी हा विषय आपल्याकडे सामान्यतः अर्थशास्त्र, भूगोल किंवा प्राणिशास्त्र यांच्या अंगाने अभ्यासला जातो. मासेमारीच्या साधनांमागील भौतिकशास्त्राकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष दिले जाते. वस्तुतः गळ, दोरी व वजन या तीन साध्या वस्तूंच्या मागे घनता, प्लावक बल, रोध आणि उष्णतेचे वहन यांचे नियम कार्यरत असतात. डाउनरिगर हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

प्रारंभी एका शब्दाविषयी खुलासा करणे आवश्यक आहे. कोकण किनाऱ्यावर ‘ट्रॉलिंग’ म्हटले की यांत्रिक नौकेने समुद्रतळावरून ओढलेले पिशवीसारखे मोठे जाळे डोळ्यांसमोर येते आणि अशा नौकेस ‘ट्रॉलर’ म्हणतात. इंग्रजीत मात्र जाळे ओढणे आणि गळ ओढणे यांसाठी दोन निराळे शब्द आहेत. ते मराठीत एकाच प्रकारे लिहिले जात असल्याने गोंधळ संभवतो. या लेखात ट्रॉलिंग हा शब्द केवळ दुसऱ्या अर्थाने, म्हणजे चालत्या नौकेमागे गळ व आमिष ओढण्याच्या अर्थाने वापरला आहे. कोकणात गरीने मासे धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात. ट्रॉलिंग हे एका अर्थी चालत्या नौकेवरून केलेले गरवणेच होय. जाळ्यात सापडेल ते सर्व येते, तर येथे एका वेळी एका गळाला एकच मासा लागतो. या कारणाने आमिष नेमके कोठे आहे या प्रश्नाला येथे सर्वाधिक महत्त्व प्राप्त होते.

२. पार्श्वभूमी : मिशिगन सरोवर आणि सॅमन

मिशिगन सरोवर हे उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांपैकी संपूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत असलेले एकमेव सरोवर होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, सरासरी खोली सुमारे ८५ मीटर आणि कमाल खोली सुमारे २८१ मीटर आहे. येथील मूळचा प्रमुख शिकारी मासा म्हणजे लेक ट्राउट. वेलंड कालव्यामुळे नायगारा धबधब्याचा नैसर्गिक अडसर दूर झाला आणि सी लॅम्प्री हा परजीवी जलचर वरच्या सरोवरांत शिरला. मिशिगन सरोवरात त्याची नोंद १९३६ मध्ये झाली. लॅम्प्रीचा उपद्रव आणि अतिमासेमारी यांमुळे १९५० च्या दशकापर्यंत लेक ट्राउट येथून जवळजवळ नाहीसा झाला. शिकारी मासा उरला नाही, तेव्हा समुद्रातून आलेल्या एलवाइफ या लहान माशाची संख्या बेसुमार वाढली. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्यांवर साचले.

या परिस्थितीवर उपाय म्हणून मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाने हॉवर्ड टॅनर यांच्या पुढाकाराने पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅमन या सरोवरात आणण्याचा निर्णय घेतला. ऑरेगॉन राज्यातून मिळालेल्या अंड्यांपासून वाढविलेली कोहो सॅमनची पिल्ले १९६६ च्या वसंत ऋतूत नद्यांत सोडण्यात आली. १९६७ मध्ये चिनूक सॅमनची भर पडली. एलवाइफवर पोसलेले हे मासे वेगाने वाढले आणि किनाऱ्यावरील गावांमध्ये गळाने मासे धरणाऱ्यांची गर्दी उसळली.

या उत्साहाला लवकरच दुःखद वळण लागले. २३ सप्टेंबर १९६७ रोजी सरोवरात अचानक उठलेल्या वादळात लहान होड्या घेऊन गेलेल्यांपैकी सात जण मृत्युमुखी पडले. सरोवर गोड्या पाण्याचे असले तरी त्याचे वर्तन समुद्रासारखे असते, ही जाणीव या घटनेने करून दिली. साधनाचा विचार करताना या घटनेचे विस्मरण होऊ नये.

कोहो व चिनूक वसंत ऋतूत किनाऱ्याजवळ आणि पृष्ठभागालगत मिळत. उन्हाळा वाढला की ते खोल जात आणि साध्या गळाच्या टप्प्याबाहेर पडत. पॅसिफिक किनाऱ्यावरील व्यावसायिक ट्रॉलिंग नौका पोलादी तारेला जड गोळा बांधून, त्याच तारेवर अनेक गळ जोडून खोल पाण्यात ओढत असत. हौशी मासेमाराला हे सोयीचे नव्हते, कारण त्याला मासा हलक्या गळाच्या काठीवर खेळवायचा असतो. वजन खोल नेण्याची तार वेगळी आणि मासा खेळविण्याची दोरी वेगळी, अशी विभागणी झाली तेव्हा आजच्या डाउनरिगरचे तत्त्व सिद्ध झाले. १९७० च्या दशकात महासरोवरांवर त्याचा वापर सर्वत्र रूढ झाला.

३. मासा खोल का जातो? : पाण्याचे थर

पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. उन्हाळ्यात सूर्याच्या उष्णतेने वरचे पाणी तापते, हलके होते आणि वरच तरंगत राहते. खालचे पाणी थंड व जड असल्याने तळाशी राहते. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात थोड्याच मीटर अंतरात तापमान वेगाने उतरते. या पट्ट्यास थर्मोक्लाइन म्हणतात.

चिनूक सॅमन साधारणतः १० ते १३ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी पसंत करतो. लेक ट्राउट त्याहूनही थंड, ८ ते ११ अंशांच्या आसपासचे पाणी शोधतो. ऑगस्टमध्ये पृष्ठभागाचे तापमान २० अंशांच्या वर जाते, तेव्हा हे मासे थर्मोक्लाइनच्या आत किंवा त्याखाली उतरतात. अशा वेळी आमिष पाच मीटरने वर राहिले, तर ते माशाला नको असलेल्या उबदार पाण्यातून फिरत राहते.

थर्मोक्लाइनची खोली मात्र स्थिर नसते. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले वरचे पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकते. दक्षिणेकडून वारा वाहत राहिला की पश्चिमेच्या विस्कॉन्सिन किनाऱ्यावरील उबदार पाणी सरोवराच्या मध्याकडे जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. उत्तरेकडील वाऱ्याने हेच पूर्वेच्या मिशिगन किनाऱ्यावर घडते. परिणामी काल ३० मीटरवर मिळालेला मासा आज १० मीटरवर असू शकतो. म्हणून कालच्या खोलीची नोंद आज उपयोगी पडेलच असे नाही. तापमान दररोज नव्याने मोजावे लागते.

यात आणखी एका कारणाची भर पडली आहे. १९९७ मध्ये या सरोवरात क्वागा शिंपला प्रथम आढळला. पुढे त्याचा प्रसार तळभर झाला. हे शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती खातात. त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा पुष्कळच नितळ झाले आणि प्रकाश अधिक खोलवर पोहोचू लागला. प्रखर प्रकाश टाळणाऱ्या माशांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा असून खोल पाण्यातील साधनांची गरज त्यामुळे वाढली आहे.

४. रचना व कार्यतत्त्व

डाउनरिगरचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे सांगता येतील : नौकेच्या कडेवर बसविलेली बैठक, तार गुंडाळण्याचे चाक, नौकेबाहेर डोकावणारी भुजा व तिच्या टोकाची कप्पी, तारेची लांबी मोजणारा काउंटर, चाकाचा ब्रेक, तारेच्या टोकाला टांगलेला जड गोळा, आणि गळाची दोरी पकडून ठेवणारी क्लिप.

कार्यपद्धती सोपी आहे. गळाच्या काठीवरील दोरी आमिषासह नौकेमागे काही अंतर सोडली जाते. मग ती गोळ्याजवळील क्लिपमध्ये अडकवून गोळा हव्या त्या खोलीपर्यंत उतरविला जातो. दोरी ताणून काठी धनुष्यासारखी वाकवून ठेवतात. माशाने आमिषावर झडप घातली की दोरी क्लिपमधून सुटते आणि काठी ताठ होते. त्यानंतर मासा व मासेमार यांच्यामध्ये कोणतेही जड वजन उरत नाही. वजनाचा उपयोग आमिष खोल नेण्यापुरता करून घ्यायचा आणि मासा लागताच त्याला बाजूला सारायचे, हे या साधनाचे वैशिष्ट्य होय.

५. निवडीचे निकष

५.१ हाताने चालणारे की विजेवर चालणारे? हाताने फिरवावयाचे डाउनरिगर स्वस्त, हलके आणि दुरुस्तीस सोपे असते. लहान होडी, १५ ते २० मीटरपर्यंतची खोली आणि एक-दोन गळ यांसाठी ते पुरेसे आहे. परंतु साडेचार किलोचा गोळा ४० मीटरवरून दिवसातून वीस-पंचवीस वेळा वर ओढणे श्रमाचे ठरते. या श्रमाचा एक अप्रत्यक्ष परिणाम असा की, मासेमार खोली बदलण्याचे टाळू लागतो. नियमितपणे ३० मीटरखाली जावयाचे असल्यास १२ व्होल्टवर चालणारे यंत्र योग्य ठरते. त्यासाठी स्वतंत्र फ्यूज, पुरेशा जाडीची वायर आणि इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीवर भार पडणार नाही अशी व्यवस्था आवश्यक आहे. गोळा वर घेताना बॅटरी उतरून इंजिन सुरूच न होणे हा खोल पाण्यात गंभीर प्रसंग ठरू शकतो.

५.२ भुजेची लांबी. नौकेच्या मागील बाजूस बसविलेल्या यंत्राला सुमारे ६० सेंटिमीटरची आखूड भुजा पुरते. बाजूच्या कडेवरील यंत्राला १२० ते १८० सेंटिमीटरची लांब भुजा लागते, कारण तारा परस्परांपासून आणि पंख्यापासून दूर ठेवाव्या लागतात. मात्र भुजा जितकी लांब, तितका बैठकीवर पडणारा पीळ अधिक. गोळा तळाशी अडकला तर हा पीळ कित्येक पटींनी वाढतो. म्हणून बैठक पातळ फायबरच्या कडेवर नुसत्या स्क्रूने न बसविता खालून धातूची पट्टी देऊन आरपार बोल्टांनी आवळावी.

५.३ तार. स्टेनलेस पोलादाची, सुमारे १५० पौंड ताण सहन करणारी तार हा रूढ पर्याय होय. ती खडकावर घासली तरी सहसा टिकते. परंतु पाण्यातून जाताना गुणगुणते, पीळ पडला की तिचे धागे सुटतात आणि हाताला जखम करतात. विणीची कृत्रिम दोरी शांत असते, हाताळण्यास सुखद असते आणि तिला गाठ मारता येते. मात्र धारदार खडक, शिंपल्यांचे थर किंवा शेजारची पोलादी तार यांच्याशी घर्षण झाल्यास ती तुटू शकते. एकाच नौकेवर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी वापरू नयेत, हे ओघानेच आले.

५.४ गोळा. ८ ते १५ पौंडांचे, म्हणजे सुमारे साडेतीन ते सात किलोंचे गोळे वापरात आहेत. शिशाची घनता पाण्याच्या अकरा पटींहून थोडी अधिक असल्याने पाण्यात त्याचे वजन केवळ ९ टक्क्यांनी घटते. लोखंडाच्या बाबतीत ही घट सुमारे १३ टक्के असते. शिसे विषारी असल्याने प्लास्टिकचे आवरण असलेले किंवा लोखंडी गोळे अनेक जण पसंत करतात. यात कार्यक्षमतेची फारशी हानी होत नाही, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

५.५ क्लिप. क्लिपचा दाब कमी-अधिक करता येणे आवश्यक आहे. दाब फार असल्यास लहान मासा आमिषासह नुसता ओढला जातो आणि त्याचा पत्ता लागत नाही. फार कमी असल्यास लाटांच्या हिसक्यानेच दोरी सुटते. खोल पाण्यात दोरीवरील पाण्याचा दाब वाढतो, म्हणून तेथे क्लिप थोडी घट्ट ठेवावी लागते.

६. काउंटरचा आकडा आणि प्रत्यक्ष खोली

नौका स्थिर असेल तर तार सरळ खाली लोंबते आणि तारेची लांबी म्हणजेच गोळ्याची खोली होय. नौका चालू लागली की पाण्याचा रोध गोळ्याला व तारेला मागे ढकलतो. तार तिरपी होते आणि गोळा वर उचलला जातो. हा परिणाम सर्वज्ञात असला तरी त्याचे कारण बहुधा चुकीचे सांगितले जाते. ‘गोळा मोठा असल्याने पाणी त्याला मागे ढकलते’ असा समज रूढ आहे. ढोबळ गणित केल्यास निराळे चित्र दिसते.

ताशी ४ किलोमीटर हा सॅमनसाठीचा नेहमीचा वेग मानू. १० पौंडांच्या शिशाच्या गोळ्याचा व्यास सुमारे ९ सेंटिमीटर असतो. या वेगाला त्याच्यावर पडणारा रोध सुमारे २०० ग्रॅम वजनाइतका येतो. आता ०.७ मिलिमीटर जाडीची तार घेऊ. ती दिसावयास क्षुल्लक असली तरी ३० मीटर लांबीची तार पाण्याला सुमारे २१० चौरस सेंटिमीटर क्षेत्र सामोरे करते. तिच्यावरील रोध सुमारे दीड किलो वजनाइतका भरतो. म्हणजे खरा अडथळा तारेचा आहे. गोळ्याचा वाटा त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच आहे. लोखंडी गोळा आकाराने थोडा मोठा असूनही फारसा फरक पडत नाही, त्याचे कारण हेच.

यावरून दुसरा निष्कर्ष निघतो. तारेच्या खालच्या टोकाला केवळ गोळ्याचा रोध असतो, तर वरच्या टोकाला संपूर्ण तारेचा. म्हणून तार सरळ रेषेत तिरपी नसून वक्र असते : खाली जवळजवळ उभी आणि वर अधिक कललेली. मासेमाराला दिसतो तो फक्त वरचा कोन. त्या कोनावरून सरळ रेषेचे त्रिकोणमितीचे सूत्र लावल्यास फरक वास्तवापेक्षा मोठा येतो. वरील उदाहरणात ३० मीटर तारेचा वरचा कोन सुमारे २३ अंश येतो. सरळ रेषेच्या सूत्राने खोली साडेसत्तावीस मीटर निघते. वक्रता धरल्यास ती २९ मीटरच्या आसपास येते.

याच पद्धतीने काढलेले अंदाज असे :

१५ मीटर तार, १० पौंडांचा गोळा : खोलीतील घट पाव मीटरहून कमी.
३० मीटर तार, १० पौंडांचा गोळा : घट सुमारे १ मीटर.
६० मीटर तार, १० पौंडांचा गोळा : घट सुमारे ५ मीटर.
६० मीटर तार, १५ पौंडांचा गोळा : घट सुमारे ३ मीटर.

हे आकडे स्थिर पाण्यातील ढोबळ अंदाज आहेत. परंतु त्यांतील कल महत्त्वाचा आहे. लांबी दुप्पट झाली की घट दुप्पट न होता सुमारे पाचपट होते. तात्पर्य, १५-२० मीटरपर्यंत काउंटरवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. ३० मीटरनंतर तो विश्वास क्रमाने कमी करावा लागतो. ४० मीटरखाली नियमित मासेमारी करावयाची असल्यास १२ ते १५ पौंडांचा गोळा ही चैन न राहता गरज बनते.

वेगाचा परिणाम याहूनही तीव्र आहे. रोध हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४ किलोमीटरवरून ५ किलोमीटरवर गेल्यास वेग सव्वापट, पण रोध दीडपटीहून अधिक होतो. शिवाय नौकेच्या उपकरणावर दिसणारा वेग हा पृष्ठभागावरील किंवा जमिनीच्या संदर्भातील असतो. खालच्या थरातील प्रवाह विरुद्ध दिशेचा असेल तर गोळ्याजवळील वेग बराच निराळा असतो. यासाठी गोळ्याजवळ बसणारा, तेथील तापमान व वेग वर कळविणारा संवेदक उपलब्ध आहे. खर्च परवडत असल्यास दुसऱ्या डाउनरिगरपेक्षा हा संवेदक अधिक उपयुक्त ठरतो.

प्रतिध्वनीवर चालणारे मत्स्यशोधक यंत्र हा या अडचणीवरचा संपूर्ण उपाय नव्हे. २० अंशांचा ध्वनिशंकू ३० मीटर खोलीवर सुमारे साडेदहा मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. वरील उदाहरणात गोळा सुमारे सात मीटर मागे गेलेला असतो. म्हणून तो शंकूच्या बाहेर पडून पडद्यावर दिसेनासा होऊ शकतो. साधा व खात्रीचा मार्ग असा : वाळूचा सपाट तळ असलेल्या व खोली ज्ञात असलेल्या जागी, नेहमीच्या वेगाने जाताना गोळा सावकाश खाली सोडावा आणि तो तळाला टेकताच काउंटर वाचावा. काउंटर व खोली यांतील फरक वहीत नोंदवावा. दोन-तीन खोल्यांवर असे केल्यास त्या नौकेपुरता आणि त्या गोळ्यापुरता स्वतःचा तक्ता तयार होतो.

७. वापराची पद्धत

प्रथम तापमानाचा उभा आलेख घ्यावा आणि थर्मोक्लाइनची खोली निश्चित करावी. त्यानंतर आमिष नौकेमागे किती अंतरावर सोडावयाचे ते ठरवावे. उथळ पाण्यात नौकेच्या सावलीने व आवाजाने मासा बिचकतो, म्हणून हे अंतर १५ ते ३० मीटर किंवा त्याहून अधिक ठेवतात. खोल पाण्यात ३ ते ८ मीटर पुरेसे होते. अंतर कमी असल्यास झडप बसताच क्लिप चटकन सुटते आणि वळताना दोऱ्या गुंतत नाहीत. पुढे ओठ असलेली, स्वतः खोल बुडी मारणारी आमिषे गोळ्याच्याही खाली जातात, हे खोली ठरविताना जमेस धरावे.

एकाहून अधिक डाउनरिगर असल्यास मधले खोल आणि बाजूचे उथळ ठेवण्याची प्रथा आहे. एक आमिष थर्मोक्लाइनच्या वर, एक त्यात आणि एक त्याखाली ठेवून मासा कोणत्या थरात आहे याचा शोध घ्यावा. वळताना बाहेरील बाजूची आमिषे वेगाने व आतील सावकाश जातात. वळणावर कोणत्या बाजूला मासा लागला यावरून वेग वाढवावा की कमी करावा हे समजते. मासा लागल्यावर दुसऱ्या व्यक्तीने त्या बाजूचा गोळा वर घ्यावा, म्हणजे मासा तारेभोवती फिरून दोरी तुटत नाही.

८. सुरक्षितता

डाउनरिगरचा सर्वांत मोठा धोका म्हणजे तळाशी अडकलेला गोळा. अशा वेळी नौका मागील बाजूने तळाशी बांधल्यासारखी होते. लाटा मागून येत असतील तर लहान नौकेचा मागील भाग दबून आत पाणी शिरू शकते. येथे पहिली कृती गोळा वर ओढण्याची नसून ब्रेक सैल करण्याची आहे. तार मोकळी सुटू द्यावी, गिअर काढून वेग शून्यावर आणावा, तार पंख्यापासून दूर आहे याची खात्री करावी आणि नंतर वळसा घेऊन उलट दिशेने तार सोडविण्याचा प्रयत्न करावा. सुटत नसल्यास तार कापावी. त्यासाठी तार कापण्याची पक्कड प्रत्येक यंत्राजवळ, हाताशी असावी. गोळ्याची किंमत नौकेच्या व माणसांच्या तुलनेत नगण्य आहे.

याशिवाय गोळा वर आल्यावर तो नौकेबाहेर लोंबता ठेवू नये. लाटेबरोबर तो नौकेच्या अंगावर आदळतो. चालू चाकातील तार हाताने धरू नये. जीवरक्षक जाकीट परिधान केलेले असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हवामानाचा अंदाज पाहूनच निघावे. खोलवर उतरविलेली चार यंत्रे गुंडाळण्यास बराच वेळ लागतो आणि आकाश काळवंडल्यावर तो वेळ मिळेलच असे नाही.

९. सोडून दिलेल्या माशाचा प्रश्न

खोलीवरून मासा वर आणण्याची क्षमता हाती आली की त्या माशाविषयीची जबाबदारीही येते. सॅमन व ट्राउट यांच्या वाताशयातून अन्ननलिकेकडे जाणारी नळी असते. त्यामुळे वर येताना प्रसरण पावलेली हवा ते बाहेर टाकू शकतात. त्यांच्यापुढील संकट दाबाचे नसून तापमानाचे आहे. १० अंशांच्या पाण्यातून २२ अंशांच्या पाण्यात खेचलेला, दमलेला मासा सोडून दिल्यावरही मरण्याची शक्यता वाढते. म्हणून उन्हाळ्यात आवश्यक तेवढे मासे मिळताच मासेमारी थांबविणे, ‘धरून सोडत’ राहण्यापेक्षा अधिक योग्य ठरते.

पॅसिफिक किनाऱ्यावरील रॉकफिश या माशांची स्थिती याच्या उलट आहे. त्यांचे वाताशय बंद असते. खोलीवरून वर येताच ते फुगते आणि मासा पृष्ठभागावर असहाय तरंगतो. असा मासा पुन्हा खोल नेऊन सोडल्यास त्याच्या वाताशयातील हवा आकुंचन पावते आणि तो वाचण्याची शक्यता वाढते. वॉशिंग्टन व ऑरेगॉन या राज्यांनी समुद्रात तळमासे धरणाऱ्या नौकांवर मासा परत खोल नेण्याचे साधन बाळगणे बंधनकारक केले आहे. विशिष्ट क्लिप लावलेला डाउनरिगरही या कामी येतो. मासा वर आणण्यासाठी घडविलेले यंत्र त्याला परत खाली नेण्यासही उपयोगी पडावे, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

व्यापक पातळीवरही हाच विवेक आवश्यक आहे. ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफचा साठा कोसळला आणि त्यामागोमाग चिनूकची मासेमारी जवळजवळ संपली. हा धडा लक्षात घेऊन मिशिगन सरोवरात सोडावयाच्या चिनूक पिल्लांची संख्या २०१३ मध्ये निम्म्याने कमी करण्यात आली. साधन कितीही अचूक असले तरी भक्ष्य व भक्षक यांचा समतोल ढळल्यास त्या अचूकतेला अर्थ उरत नाही.

१०. निष्कर्ष

१. डाउनरिगर हे वजन व गळाची दोरी यांची विभागणी करणारे साधन असून उन्हाळ्यातील थंड थरात आमिष नियंत्रितपणे नेणे हे त्याचे मुख्य कार्य होय.

२. निवडीचा आरंभ यंत्राच्या किमतीपासून किंवा नावापासून न करता, कोणत्या खोलीवर व कोणत्या नौकेतून मासेमारी करावयाची या प्रश्नापासून करावा. २० मीटरपर्यंत हाताने चालणारे यंत्र व ८ ते १० पौंडांचा गोळा पुरतो. ४० मीटरखाली विजेवरील यंत्र व १२ ते १५ पौंडांचा गोळा हवा.

३. खोलीतील घट प्रामुख्याने तारेवरील रोधामुळे होते. ती लांबीबरोबर झपाट्याने आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणाऱ्या रोधामुळे अधिकच वाढते. काउंटरचा आकडा प्रत्यक्ष मापनाने पडताळून घेणे अत्यावश्यक आहे.

४. भक्कम बैठक, सैल करता येणारा ब्रेक आणि हाताशी असलेली पक्कड ही सुरक्षिततेची किमान अट होय.

५. पदवी वर्गांना रोध, प्लावक बल व जलाशयातील तापमानाचे थर हे घटक शिकविताना डाउनरिगरचे उदाहरण वापरता येईल. एक दोरी, एक वजन आणि वाहता कालवा एवढ्या सामग्रीवर तारेची वक्रता विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविणे शक्य आहे. यंत्रावर दिसणारा आकडा नेमके काय मोजतो, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यातून विद्यार्थ्यांना लागली, तर या उदाहरणाचा उपयोग मासेमारीपुरता मर्यादित राहणार नाही.